काळ्या पट्ट्या मारणारं सॉफ्टवेअर: महिनाभर वापरल्यावर

तीन तारे, कागदपत्रं बाहेर देण्याआधी त्यांतली दुसऱ्यांची नावं काळ्या पट्टीखाली झाकणाऱ्या सॉफ्टवेअरला. चौथा हातात होता, पण ‘आशा’ आणि ‘ग्रेस’ने घोटाळा केला. ते पुढे सांगते. कंपनीचं नाव लिहीत नाही, कारण त्यांच्याशी अजून पैशांवरून मेलामेली चालू आहे.

मी इंग्लंडमध्ये मिल्टन कीन्सजवळ एका गोदामवाल्या कंपनीत एचआर बघते. माणसं एकशे चाळीस, एचआरला आम्ही दोघी. मार्चमध्ये नोकरी सोडून गेलेल्या एकाचा दोन ओळींचा मेल आला: माझ्याबद्दल तुमच्याकडे जे काही आहे ते सगळं द्या. ऑफिसात याला ‘सार’ म्हणतात, म्हणजे ‘सब्जेक्ट अ‍ॅक्सेस रिक्वेस्ट’, स्वतःबद्दलची माहिती मागायचा अर्ज. नाव टोमॅटोच्या साराचं, प्रकरण पिठल्याहून घट्ट.

इथे मागणाऱ्याला कारण सांगावं लागत नाही, कायद्याचं नावही घ्यावं लागत नाही, तोंडी मागितलं तरी चालतं. उत्तराला एक महिना, फारच गुंतागुंत असेल तर आणखी दोन. मे 2018 पर्यंत 10 पौंड फी घेता यायची, आता फुकट. अर्ज उघडउघड निराधार किंवा अवाजवी असेल तर नाही म्हणता येतं, पण ते दाखवून देणं आपल्या गळ्यात, आणि ‘काम फार पडतं’ एवढ्यावर भागत नाही. माझे बाबा सांगलीत माहिती अधिकाराचे अर्ज टाकत असतात. दहा रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प, दीडशे शब्द, एका अर्जात एकच विषय. ही अट जाचक आहे म्हणून मी त्यांच्या बाजूने भांडायचे. मार्चपासून गप्प आहे.

तर आमच्या गड्याचं आडनाव एका इंग्रजी महिन्याचंही नाव आहे. मेलबॉक्समध्ये शोधलं तर 11,340 मेल. त्यात त्या महिन्याचे पगार, रजा, ट्रकांच्या फेऱ्या, सगळं आलं. म्हणून हे सॉफ्टवेअर घेतलं, एका महिन्याचे 390 पौंड.

जे चांगलं आहे ते खरंच चांगलं आहे. एकाच मेलच्या उत्तर-प्रत्युत्तरांच्या माळा ते गुंडाळून एक करतं. दुपारी जेवून आले तोवर अकरा हजारांचे चार हजार झाले होते. पट्टी मारली की खालची अक्षरं खरोखर जातात. मी पट्टीवरून माऊस ओढून नोटपॅडमध्ये पेस्ट करून पाहिलं, काही आलं नाही. एक्सेलमधली लपवलेली शीटही ते लाल करून दाखवतं. उत्तर आयर्लंडच्या पोलिसांनी ऑगस्ट 2023 मध्ये एका माहिती-अर्जाला एक्सेल फाइल पाठवली, तिच्यात दडलेल्या शीटवर सगळ्या पोलिसांची नावं निघाली आणि पुढे 7,50,000 पौंडांचा दंड झाला. तेव्हापासून मला एक्सेलची धास्तीच आहे.

आता घोटाळा. दुसऱ्यांची नावं आपोआप झाकण्याचं बटण आहे. त्याने ‘ग्रेस पीरियड’मधला ग्रेस काळा केला, आणि पॅकिंगमधल्या आमच्या आशा, किरण, ज्योती जशाच्या तशा उघड्या ठेवल्या. मदतीच्या चॅटवर विचारलं तर म्हणाले, नावांची यादी स्वतः भरा. म्हणजे एकशे चाळीस नावं, वर टोपणनावं, वर ‘आर.के.’सारखी आद्याक्षरं. रविवार त्यात गेला.

मग सोमवारी सरळ त्या माणसाला फोन केला. काय हवंय असं विचारता येतं, सक्ती करता येत नाही. आमच्यासारखा ढीग असेल तर त्याचं उत्तर येईपर्यंत मुदतही थांबते. तो जरा घुटमळला आणि म्हणाला, नोव्हेंबरमधल्या मीटिंगचे मेल आणि ओव्हरटाइमचा हिशोब द्या, बाकीचं घेऊन मी काय करू? तेवढं लेखी मागवलं. 212 मेल निघाले. पाच दिवसांत मुदतीच्या आत गेले. हा फोन मी पहिल्याच दिवशी का केला नाही, याचं उत्तर माझ्याकडे नाही; सेल्सवाल्याने ‘क्लिक करा नि विसरा’ म्हटलं आणि मी भुलले.

त्या 212 वर पट्ट्या मारायला सॉफ्टवेअर उत्तम चाललं, तेव्हा अगदीच पाण्यात गेले नाहीत पैसे. घ्यायचंच असेल तर एक महिन्याचं घ्या. वर्षाचा करार ते फार गोडीने पुढे करतात, आणि ‘रद्द करा’चं बटण सेटिंग्जमध्ये नाही, बिलिंगच्या तिसऱ्या पानाच्या तळाशी आहे. मला ते एप्रिलचे 390 कापल्यावर सापडलं.