बर्मा: फौजेची निवडणूक का लढून आणलेलं राज्य?

आमच्या यवतमाळकडं तुरीचा भाव पडला का यार्डात पयलं नाव बर्माचंच (म्यानमारचं) निघते, वर्षाले 1 लाख टन तूर घ्यायचा करार 2021 मध्ये झाला ना त्याईच्यासंग. त्याच वर्षी 1 फेब्रुवारीले तिथं फौजेनं सत्ता बळकावली.

आता तिथं पुढचा एक रस्ता म्हणजे सत्ता बळकावणाऱ्या जनरल मिन आंग हलाईंगची निवडणूक, डिसेंबर 2025 पासून टप्प्याटप्प्यानं घेतलेली, पण 2008 च्या घटनेत 25 टक्के जागा फौजेच्याच आन् मोठे बदल कराले 75 टक्क्याच्या वर मतं पायजेत, म्हणजे चावी त्याईच्याच खिशात, वरून फौजेनं हटवलेल्या नेत्या आंग सान सू ची यांचा पक्ष 2023 मध्येच बाद. आमच्या सोसायटीतबी अर्ज बाद करून बिनविरोध होते, पण एवढं उघडं नाई बावा.

दुसरा रस्ता लढायचा. ऑक्टोबर 2023 ले तीन हत्यारबंद गट मिळून फौजेवर तुटून पडले, 2024 मध्ये उत्तरेतलं लाशिओ शहर घेतलं, मंग चीननं दाब दिला आन् 2025 ले परत फौजेले देऊन टाकलं. प्रत्येक गटाचा धुरा येगळा, सगळ्याईले मिळून संघराज्य जमन का नाई कोण सांगते! तरी मले हाच बरा वाटते. आमचा अडत्या मात्र म्हणते फौज बरी, माल टायमावर निघते.