ॲक्सेसचा फॉर्म आणि आपले लाख-कोटी
छोट्या पतपेढीसाठी किंवा दुकानाच्या उधारीसाठी मायक्रोसॉफ्ट ॲक्सेस (नोंदी ठेवायचं डेटाबेस सॉफ्टवेअर) अजूनही मस्त चालतं, फॉर्म तासाभरात उभा राहतो, पण आकड्यांच्या बाबतीत जरा सांभाळून. टेबलात नुसता आकडा असतो, स्वल्पविराम कुठे पडणार आणि चलनाचं चिन्ह कोणतं दिसणार ते विंडोजच्या रीजन सेटिंगवर, म्हणजे फाइल तीच पण दुसऱ्याच्या कॉम्प्युटरवर रीजन अमेरिका असेल तर करन्सी फॉरमॅटमधले ५०० रुपये सरळ ५०० डॉलर दिसतात, मालकाची झोप उडायची! त्यामुळे प्रत्येक मशीनवर आधी रीजन इंडिया करा आणि डिजिट ग्रुपिंग १२,३४,५६,७८९ वालं निवडा.

खरी मजा कोडमध्ये आहे. टेक्स्टबॉक्समध्ये "१,२५,०००" (इंग्रजी आकड्यांतच हं) टाइप केलं आणि तो मजकूर आकड्यात बदलायला तुम्ही व्हॅल (Val) फंक्शन वापरलं तर उत्तर येतं १, कारण ते पहिल्या स्वल्पविरामालाच थांबतं, एररबिरर काही देत नाही. त्याऐवजी सीडीबीएल (CDbl) फंक्शन वापरा, ते रीजन बघून सव्वा लाख बरोबर वाचतं.

तारखेचं तर विचारूच नका. एसक्यूएलमध्ये (डेटाबेसमधून माहिती मागवायची भाषा) हॅशच्या (#) आत ०५/०४/२०२४ लिहिलं की ते ५ एप्रिल नाही तर ४ मे धरतं, रीजन इंडिया असलं तरी, आणि २५/०४ मात्र गुपचूप बरोबर घेतं कारण पंचविसावा महिनाच नसतो, म्हणून टेस्टिंगमध्ये हे सापडतच नाही. वर्ष-महिना-दिवस असं लिहा.

पाचपैकी साडेतीन. एकाच ऑफिसात वापरणार असाल तर बिनधास्त घ्या, पुण्यात एक आणि दुबईत एक मशीन असेल तर दोनदा विचार करा.