जायंट फायर बीटल, रेंजरचा पाळीव साथीदार म्हणून: अनेक महिने वापरल्यानंतर

आधीच सांगतो, या उजेड देणाऱ्या किड्याला बंद करायचं बटण नाही. बाकी सगळं नंतर वाचलं तरी चालेल.

खेळ डी अँड डी, म्हणजे फासे टाकून ग्रुपने खेळायची काल्पनिक साहसं, पाचवी आवृत्ती (फाइव्ह-ई), २०१४ चे नियम, आणि माझं पात्र बीस्ट मास्टर रेंजर, म्हणजे प्राणी साथीला घेऊन फिरणारा. किड्याचा स्टॅट ब्लॉक (आकड्यांचा तक्ता) सगळ्यांना पाठ असेल, एसी (बचाव) १३, एचपी (जीव) ४, सीआर (ताकदीचा दर्जा) ०, त्यामुळे ते टाइप करत बसत नाही. तिसऱ्या लेव्हलला साथीदार निवडायची वेळ आली तेव्हा अख्खा ग्रुप एकसुरात वूल्फ घे वूल्फ घे करत होता. मी हिशोब केला. मशाल एक कॉपरला, म्हणजे तांब्याच्या एका नाण्याला, मिळते आणि एक तास जळते. हूडेड लँटर्न (झाकणाचा कंदील) पाच गोल्ड, वर सहा तासांना एक सिल्व्हरचं तेल. माझा रेंजर माणूस, डार्कव्हिजन नाही, आमची रोग (इंग्रजीतला rogue, म्हणजे चोर) पण माणूस, आणि विझर्ड आहे एल्फ, त्याला अंधारात दिसतं म्हणून त्याने लाइट कँट्रिप (उजेडाचा छोटा मंत्र) घेतलाच नाही, 'मला काय गरज' म्हणे. म्हणजे उजेडाचा खर्च कोणाच्या माथी? माझ्या. मग हा किडा घेतला, टेंभ्या नाव ठेवलं. चोवीस तास उजेड, तेल नाही, वात नाही, हात मोकळे.

पहिले काही सेशन एकदम खूश होतो. बीस्ट मास्टरचा साथीदार असल्याने एचपी रेंजरच्या लेव्हलच्या चौपट धरतात, म्हणजे तिसऱ्या लेव्हलला १२, आणि प्रोफिशियन्सी (रेंजरचा कौशल्याचा बोनस) मिळून एसी १५. जंगलातल्या बीटलचा चावा १डी६ (सहा बाजूंचा एक फासा) वजा १ आहे, म्हणजे फाशावर एक आला की चावून शून्य डॅमेज! आमच्या टेंभ्याला प्रोफिशियन्सीमुळे निदान शून्याची नामुष्की नव्हती. लढाईत त्याचा उपयोग फारसा नाहीच, हल्ला करायला सांगायचं तर त्या पाळीची माझी अ‍ॅक्शन जाते, पण उजेड पाडायला कुठली अ‍ॅक्शन लागत नाही ना.

आणि तिथेच सगळा घोळ. उजेड पाडायला अ‍ॅक्शन लागत नाही कारण तो उजेड थांबतच नाही. १० फूट लख्ख आणि पुढे १० फूट अंधूक, कायम. किल्ल्याच्या तळघरात रोग पुढे जाऊन कानोसा घेणार होती, स्टेल्थला (लपून जाण्याच्या फाशाला) २३ काढले तिने, आणि मागे आम्ही लग्नाच्या वरातीसारखे उजळून उभे. गोब्लिनांनी तिला नाही, आम्हाला बघितलं. पुढच्या वेळी मी त्याच्यावर घोंगडी टाकली तर डीएम (खेळ चालवणारा) म्हणाला किड्याची इंटेलिजन्स १ आहे, त्याला घोंगडी कशासाठी ते कळत नाही, तो बाहेर येणार. पोत्यात घातला तर पोतं कुरतडलं. यावर आमचा व्हॉट्सअ‍ॅपवर जो वाद झाला तो सेशनपेक्षा मोठा होता. माझं म्हणणं एकच, पाच गोल्डच्या लँटर्नचं झाकण एका अ‍ॅक्शनमध्ये खाली होतं आणि उजेड ५ फूट अंधूक एवढाच उरतो, मग जिवंत प्राण्याला तेवढी सोय का नको? डीएम म्हणे, प्राणी आहे तो, वस्तू नाही. बरं.

ज्यांनी जूनमध्ये भंडारदऱ्याला जाऊन काजवे बघितलेत त्यांना वाटेल हा पण लुकलुकत असेल, मध्ये मध्ये तरी विझेल. नाही. हा अमेरिका खंडातल्या पायरोफोरस किड्याच्या वळणावर गेलाय, त्याला मानेपाशी दोन दिवे आणि पोटाखाली एक, आणि ते सलग जळतात. गंमत म्हणजे १९७७ च्या मॉन्स्टर मॅन्युअलमधल्या (डी अँड डीचं प्राण्या-राक्षसांचं पुस्तक) फायर बीटललाही तीनच ग्रंथी होत्या, दोन डोळ्यांच्या वर आणि एक पोटाच्या मागच्या टोकाला. फाइव्ह-ईत लिहिलंय एक जोडी. म्हणजे दोन. बिस्किटाचा पुडा तोच ठेवून आतली बिस्किटं कमी करतात तसलाच प्रकार, आणि तक्रार करायची कुठे?

इथपर्यंत लिहून ठेवलं होतं आणि दोन स्टार देऊन मोकळा होणार होतो. मग खाणीचं सेशन झालं.

डीएमने जुन्या कोळशाच्या खाणीत नेलं, आत गॅस साचलेला, ठिणगी पडली की सगळे खलास. मशाल बाद, लँटर्न बाद, विझर्डचा लाडका फायर बोल्ट (आगीचा मंत्र) तर तोंडातून काढायचा नाही. आता उजेड कोणाकडे आहे? ग्रुपमध्ये शांतता, आणि मग सगळे टेंभ्याकडे. वर्णनात लिहिलंय की खाणकामगार या किड्यांची फार किंमत करतात, मी ते वाक्य कायम नुसती सजावट समजून वाचत आलो होतो, पण खऱ्या खाणींतही उघड्या ज्योतीने स्फोट व्हायचे म्हणूनच १८१५ मध्ये इंग्लिश शास्त्रज्ञ हम्फ्री डेव्हीने जाळीचा दिवा काढला ना. याला जाळी पण लागत नाही. वर खाणीतल्या जादूगाराने फॉग क्लाउड (धुक्याचा मंत्र) टाकला, आम्ही सगळे आंधळे, आणि टेंभ्याला ३० फुटांची ब्लाइंडसाइट (डोळ्यांशिवाय आसपासचं कळणं) आहे. स्वतःच्या उजेडाची त्याला स्वतःला गरजच नाही! 'चाव' एवढं म्हटलं, तो सरळ धुक्यातून गेला आणि त्या जादूगाराच्या पोटरीला डसला. मंत्र टिकवून धरणारं त्याचं कॉन्सन्ट्रेशन तुटलं, धुकं गेलं. त्या रात्री वूल्फवाले कोणी काही बोलले नाहीत.

जाता जाता, २०२४ च्या नव्या मॉन्स्टर मॅन्युअलमध्ये याचा चावा फायर डॅमेज करतो, एकच पॉइंट, पण फायर. म्हणजे त्या खाणीत नवीन मॉडेल नेलं असतं तर पहिल्याच चाव्याला आम्ही छतासकट वर. डीएम नवी पुस्तकं घ्यायच्या विचारात आहे. मी मोडता घालतोय.

वाईट बातमी ही की खाणीतून बाहेर पडताना छत पडलं आणि टेंभ्या गेला. मेल्यावर ग्रंथी १डी६ दिवस उजेड देतात, डीएमने फासा टाकला, दोन. सरासरी साडेतीन यायला हवी, आणि ते साडेतीन दिवस म्हणजे ८४ तास, मशालीच्या भावाने ८४ कॉपर, एक गोल्डही नाही. आम्हाला आले ४८ कॉपरचे. रोगने दोन्ही ग्रंथी मलमाच्या डबीत भरल्या, झाकण लावलं की अंधार, उघडलं की उजेड. जिवंतपणी जे बटण मागून मागून मिळालं नाही ते असं मिळालं, आणि ते पण दोन दिवसांच्या वॉरंटीवर.

रेटिंग साडेतीन करतो. वरचा दीड स्टार निव्वळ खाणीचा.

नियमाप्रमाणे नवीन प्राण्याशी आठ तास घालवले की तो साथीदार होतो, फक्त तो अंगावर येणारा नसावा. डीएम म्हणतो वाटेत लांडग्यांची गुहा आहे, बीटल हवा असेल तर उलट्या दिशेला दीड दिवस चालायचं. ग्रुपचं मत वूल्फ. मी मशालींचा भाव विचारून ठेवलाय, या गावात दोन कॉपर सांगतायत, चक्क दुप्पट.