रात्री ड्रोन उडवून आठ महिने: फोटो फिके का येतात

दिवाळीच्या पाडव्याला घेतलेला २४९ ग्रॅमचा ड्रोन आता आठ महिने वापरतोय. बॅटरी, गिंबल (कॅमेरा हलू न देणारा भाग), वाऱ्यातली स्थिरता, सगळं चांगलं आहे. पण घेतला रात्रीच्या फोटोंसाठी, म्हणून तेवढ्याचंच लिहितो.

आमचं गाव पलूस तालुक्यात, कृष्णाकाठी. डिसेंबरात उसाचा हंगाम भरात होता, शिवारात पाचट पेटलेलं, गुऱ्हाळं चालू. शंभर मीटरवरून गावाचा फोटो काढला, तर काळा दिसायला हवा तो ऊस राखाडी आणि प्रत्येक दिव्याभोवती दुधाळ गोळा. भिंगच खराब आहे असं वाटलं. मित्राचा वेगळ्या कंपनीचा ड्रोन शेजारी उडवला, त्यातही तेच.

दोष हवेचा होता. धुराचे कण आणि धुक्याचे थेंब दिव्यांचा प्रकाश इकडेतिकडे विखुरतात आणि तो पडद्यासारखा सगळ्या चित्रावर चढतो. समजा दिव्याचा उजेड १०० आणि उसाचा १, म्हणजे फरक शंभरपट. वर १० चा पडदा चढला की ११० आणि ११. उरला फक्त दहापट. आयएसओ, म्हणजे कॅमेऱ्याची प्रकाशाची संवेदनशीलता, वाढवला तर दोन्ही सारखेच वाढतात, हाती काहीच लागत नाही. दिवसा हा पडदा उन्हाचा असतो, बराचसा एकसारखा. रात्री तो दिव्यांचाच, त्यामुळे चौकावर दाट आणि मळ्यावर विरळ. म्हणून एडिटिंगमध्ये डिहेज (धूसरपणा कमी करायची सोय) ओढून चौक सुधारला की मळ्याच्या भागात चित्र दाणेदार, खरखरीत दिसतं. बारीक धुरात पांढऱ्या एलईडीतला निळा भाग जुन्या पिवळ्या सोडियम दिव्यापेक्षा जास्त विखुरतो. दाट धुक्यात मात्र दोघांचं सारखंच.

सगळ्यात जास्त उपयोग झाला तो कॅमेऱ्याच्या कोनाचा. शंभर मीटरवरून सरळ खाली बघितलं तर मध्ये शंभरच मीटर हवा. क्षितिजाच्या फक्त १० अंश खाली रोखला तर जवळपास ५७५ मीटर. हिवाळ्यात मी आता तिरका फोटो काढतच नाही. शिवाय थंडीत रात्री धूर जमिनीलगतच कोंडून राहतो, त्यामुळे संध्याकाळी उजेड असतानाच आटोपतो. ड्रोनचे पुढचे दिवे फोटोपुरते बंद ठेवतो, धुक्यात तेही चमकतात.

जूनमध्ये पहिला मोठा पाऊस पडून गेला त्या रात्री पुन्हा त्याच जागेवरून, त्याच सेटिंगवर फोटो काढला. नदी काळीभोर आली. देवळाच्या कळसावरच्या माळेतले बल्ब आईने मोबाईलवर झूम करून मोजले. बावीस.