डुपिलुमॅब सुरू करून ११ महिने: लेकीचा एक्झिमा आणि आमचा अनुभव

आम्ही न्यू जर्सीत राहतो. लेक आठ वर्षांची आहे. ती चार महिन्यांची असल्यापासून एक्झिमा, म्हणजे त्वचेला सतत खाज सुटणारा आजार, आमच्या घरात आहे. स्टिरॉइडची मलमं, टॅक्रोलिमस हे बिनस्टिरॉइडचं मलम, ओल्या पट्ट्या, सगळं करून झालं. मग डुपिलुमॅब हे इंजेक्शनचं औषध सुचवलं गेलं; विमा कंपनीने त्याला दोनदा नाही म्हटलं, तिसऱ्यांदा मंजुरी दिली. वजन २८ किलो, म्हणून पहिल्या दिवशी ३०० मिलिग्रॅमची दोन इंजेक्शनं आणि पुढे दर चार आठवड्यांनी एक.

तिसऱ्या आठवड्यात एका सकाळी चादर काढली, तर रक्ताचा एकही ठिपका नाही. मी चादर उलटून पुन्हा पाहिली. रात्रभर सलग झोप म्हणजे काय, हे तिला आठव्या वर्षी कळलं. एवढ्यासाठी मी या औषधाची कायम ऋणी आहे.

पण त्रास दुसऱ्या महिन्यात सुरू झाला. डोळे लालभडक, सकाळी पापण्या चिकटलेल्या, उजेड सहन होईना. ‘डोळे आलेत’ म्हणून शाळेने दोनदा घरी पाठवलं. संसर्ग नव्हताच; हा या औषधाचा माहीत असलेला दुष्परिणाम आहे, आणि दम्यासाठी हेच औषध घेणाऱ्यांपेक्षा एक्झिमावाल्यांना तो जास्त होतो. हे सुरुवातीलाच कुणी सांगितलं असतं, तर तीन आठवडे वाया गेले नसते. शेवटी डोळ्यांच्या डॉक्टरांनी थोडे दिवस स्टिरॉइडचे थेंब दिले. ओलाव्याचे थेंब अजून रोज चालू आहेत. सुरू करण्याआधीच डोळे तपासून घ्या, हे मी प्रत्येक आईला सांगते.

हे औषध इंटरल्युकिन ४ आणि १३ या शरीरातल्या दाह वाढवणाऱ्या प्रथिनांचे निरोप अडवतं, आजार मुळापासून काढत नाही. ६ ते ११ वर्षांच्या मुलांच्या चाचणीत मलमांच्या जोडीने १६ आठवड्यांत साधारण ७० टक्के मुलांचा त्रास तीन चतुर्थांशाने कमी झाला, पण त्वचा जवळजवळ स्वच्छ झाली ती एक तृतीयांश मुलांचीच. आमची लेक पहिल्यांत आहे, दुसऱ्यांत नाही. मानेवरची लाली तशीच आहे. आंघोळीनंतरचं मॉइश्चरायझर एक दिवसही चुकवता येत नाही.

सुई टोचते, औषध आत जाताना झोंबतं. ४५ मिनिटं फ्रिजबाहेर ठेवून मगच द्यायचं. ती पाऊण तास त्या डबीकडे बघत बसते. गेल्या महिन्यात वजन ३० किलो झालं आणि मात्रा बदलली: २०० मिलिग्रॅम, पण दर दोन आठवड्यांनी. काट्यावरचा आकडा बघून ती रडली.

जिवंत लसी या औषधावर असताना टाळायच्या. गोवर आणि कांजिण्यांच्या आधीच झाल्या होत्या. फ्लूसाठी मात्र नाकातला फवारा चालत नाही, कारण ती जिवंत लस आहे. आणखी एक सुई घ्यावी लागली. पोटात जंत असतील तर त्यांवर आधी उपचार करायचे असतात. आम्ही त्याच वर्षी नाशिकला आजीकडे राहून आलो होतो, म्हणून तीही तपासणी करून घेतली.

औषध थांबवायचं कधी, हे डॉक्टरांना दर भेटीत विचारते. तूर्तास चालू ठेवायचं ठरलंय. थेंबांची एक बाटली आता तिच्या दप्तरातच असते.