अफू सोडवणारी पुडी

राजस्थानात 1 एप्रिल 2016 पासून डोडाचुऱ्याचे (अफूच्या सुक्या बोंडांचा नशेसाठी घेतला जाणारा भुगा) परवानाधारक ठेके बंद झाले. मारवाडात पाहुण्यापुढे अफू धरणं हा रिवाजच. असा पुरवठा एकदम तुटला की ‘विनात्रास अफू सोडवा’ म्हणणाऱ्या पुडीवाल्यांचं फावतं.

फसवणुकीची खुबी अशी, की पुडी खरंच लागू पडते. अफू तोडल्यावर अर्ध्या दिवसात जांभया, नाकाडोळ्यांतून पाणी, अंगावर काटा. मग जुलाब आणि हाडं ठणकणं. दुसरा-तिसरा दिवस सर्वांत वाईट, आठ-दहा दिवसांत बरंचसं ओसरतं. पुडी घेतल्यावर तासाभरात हे सगळं थांबलं, डोळ्यांच्या बाहुल्या टाचणीच्या डोक्याएवढ्या झाल्या, जुलाब जाऊन मलावरोध झाला, तर आत अफूच आहे किंवा ट्रामाडॉलसारखी अफूच्या जातीची वेदनाशामक गोळी कुटून घातली आहे, असा दाट संशय घ्या. घरचे मात्र वैद्याचे पाय धरतात. कोर्स संपला की त्रास परत. मग दुसरा कोर्स, पहिल्यापेक्षा महाग.

शंका काढलीत तर लघवीच्या तपासणीची पट्टी पुढे करतात: बघा, अफू नाही! मॉर्फिनची (अफूतलं मुख्य द्रव्य) साधी पट्टी ट्रामाडॉल पकडतच नाही, हे ते सांगत नाहीत.

डॉक्टर देतात ती ब्युप्रेनॉर्फिन-नॅलोक्सोनची गोळीही अफूच्याच जातकुळीतली. फरक इतकाच, आणि तो मोठा आहे, की नाव-मात्रा पाकिटावर छापलेली असते (2 मिग्रॅ + 0.5 मिग्रॅ वगैरे). ती जिभेखाली विरघळवायची, गिळायची नाही. पहिली गोळी त्रास नीट सुरू झाल्यावरच; घाई केली तर तोच त्रास एकदम उसळतो. उपचार कित्येक महिने चालतो. ‘सात दिवसांत गॅरंटी’ म्हणणारा इथेच उघडा पडतो.

डबीबंद आयुर्वेदिक गोळी असेल तर घटकांत ‘अहिफेन’ म्हणजे अफू शोधा. कामिनीविद्रावण रसात ते असतंच. सुट्या पुडीवर ना घटक, ना परवाना क्रमांक.

संशय आला म्हणून पुडी एकदम तोडू नका, मानसोपचारतज्ज्ञाला दाखवा. काही दिवस सुटल्यावर जुन्या मात्रेवर परतणं सर्वांत घातक, कारण तेवढी मात्रा सोसायची शरीराची सवय उतरलेली असते आणि श्वास थांबू शकतो. दोन-तीन पुड्या न उघडता ठेवा, पैसे दिल्याच्या नोंदी जपा आणि जिल्ह्याच्या औषध निरीक्षकाकडे लेखी तक्रार द्या. व्यसनमुक्तीची राष्ट्रीय हेल्पलाइन 14446.