समुपदेशनाचे पॅकेज विकत घेण्यापूर्वी : ठाण्यातील एक अनुभव

घोडबंदर रस्त्यावरील एका खासगी समुपदेशन केंद्राने माझ्या मुलाच्या उपचारांसाठी आमच्याकडून 36,000 रुपये आगाऊ घेतले, त्याने विश्वासाने सांगितलेल्या गोष्टी त्याला न विचारता माझ्या कानावर घातल्या, आणि त्या सांगण्याचा उपयोग पुढचे पॅकेज गळ्यात मारण्यासाठी केला. प्रकरण ग्राहक आयोगापुढे नेण्याची तयारी चालू असल्याने केंद्राचे नाव येथे देत नाही. ठाण्यात आणि नवी मुंबईत मोठ्या गृहसंकुलांच्या खालच्या गाळ्यांत अशी केंद्रे आता सर्रास दिसतात. त्यांतली प्रामाणिक कोणती आणि दुकानदारी कोणती, हे पैसे भरण्याआधी विचारलेल्या काही साध्या प्रश्नांतून बरेचसे कळू शकते, म्हणून हा सगळा तपशील लिहीत आहे.

मुलगा वीस वर्षांचा, अभियांत्रिकीला आहे. झोप उडाली, कॉलेजला जाणे बंद झाले, तेव्हा आम्ही नौपाड्यातील एका मनोविकारतज्ज्ञांना दाखवले. त्यांनी गोळ्या सुरू केल्या आणि जोडीला मानसोपचाराची सत्रे घ्यावीत असे सुचवले. त्याच सुमारास सोसायटीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर या केंद्राची जाहिरात आली.

केंद्र चकचकीत होते. केंद्र चालवणाऱ्या सरांच्या खुर्चीमागच्या भिंतीवर सोनेरी काठाच्या फ्रेममध्ये प्रमाणपत्रे ओळीने लावलेली होती आणि दारावरच्या पाटीत नावाआधी ‘डॉ.’ होते. पुढे ती प्रमाणपत्रे जवळ जाऊन वाचली, तेव्हा त्यांत संमोहनाचा दोन दिवसांचा वर्ग होता, ‘लाइफ कोच’ म्हणून मिळालेली मान्यता होती, आणि ‘डॉ.’ हे कुठल्याशा परदेशी संस्थेने दिलेल्या मानद पदवीमुळे लागलेले होते. मानसशास्त्राची विद्यापीठीय पदवी त्या भिंतीवर कुठेही नव्हती. शिक्षणाविषयी पहिल्याच भेटीत विचारले असता सर हसून म्हणाले होते, “काका, सर्टिफिकेट काय बघता, रिझल्ट बघा.”

या ठिकाणी कायदा काय सांगतो हे नीट समजून घ्यायला हवे. मनोविकारतज्ज्ञ हा आधी एमबीबीएस डॉक्टर असतो, त्यावर त्याने या विषयातील एमडी किंवा डीपीएम यांसारखे शिक्षण घेतलेले असते, महाराष्ट्र वैद्यक परिषदेकडे त्याची नोंदणी असते आणि डॉक्टर असल्याने गोळ्या लिहून देण्याचा अधिकार त्याला असतो. चिकित्सालयीन मानसशास्त्रज्ञ, म्हणजे ज्यांना सगळे क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट म्हणतात, त्यांची नोंदणी भारतीय पुनर्वास परिषदेकडे, 1992 च्या कायद्याखाली होते. त्यांना नोंदणी क्रमांक मिळतो आणि परिषदेच्या संकेतस्थळावर तो पडताळून पाहता येतो. नोंदणी नसताना या नावाने व्यवसाय करणे हा त्या कायद्यानुसार शिक्षेस पात्र गुन्हा आहे. खरी मेख ‘समुपदेशक’, ‘थेरपिस्ट’, ‘माइंड कोच’ या पाट्यांची आहे, कारण अशी पाटी लावण्यासाठी आजवर कोणी कसलाच परवाना मागितलेला नाही. मानसशास्त्रज्ञांचे आणि समुपदेशकांचे काही वर्ग 2021 च्या केंद्रीय कायद्याने नियमनाच्या कक्षेत आणले आहेत, पण गल्लीतल्या पाटीवर त्याचा परिणाम निदान आमच्या भागात तरी दिसलेला नाही. पुनर्वास परिषदेचा क्रमांक नाही म्हणजे माणूस भोंदूच, असे मात्र समजू नये. समुपदेशन मानसशास्त्रात एमए करून उत्तम काम करणारे अनेक जण आहेत. अशा व्यक्तीला पदवी कोणत्या विद्यापीठाची, प्रशिक्षण कोणत्या रुग्णालयात किंवा संस्थेत आणि कोणाच्या देखरेखीखाली झाले, आणि एखादी केस अवघड झाली तर आजही सल्ला कोणाचा घेता, एवढे अवश्य विचारावे. हे विचारल्यावर ज्याला राग येतो किंवा जो विषय बदलतो, त्याच्याकडे पुन्हा जाण्याचे कारण उरत नाही, असे माझे स्पष्ट मत आहे.

आता पैशांविषयी. 24 सत्रांचे पॅकेज होते आणि आजच भरले तर सवलत, उद्या पूर्ण दर, असा आग्रह होता. रुग्णाशी धड दहा मिनिटे बोलणे झालेले नसताना त्याला नेमकी 24 सत्रे लागतील हे कोणत्या शास्त्राने ठरले, याचे उत्तर केंद्राकडे आजही नाही. पावतीवर ‘वेलनेस प्रोग्राम’ एवढेच लिहिलेले होते. त्यावर उपचार करणाऱ्याचे नाव नव्हते, नोंदणी क्रमांक नव्हता, आणि तळाशी बारीक अक्षरात ‘भरलेली रक्कम कोणत्याही कारणास्तव परत केली जाणार नाही’ असे छापलेले होते. सुरुवातीची काही सत्रे सरांनी घेतली. नंतर एक तरुण मुलगी येऊ लागली आणि आपण तेथे इंटर्नशिप करत असल्याचे तिनेच भाबडेपणाने माझ्या मुलाला सांगितले. ठरलेली पन्नास मिनिटे हळूहळू अर्ध्या तासावर आली. म्हणून शुल्क सत्रागणिक घेता का, सत्र किती मिनिटांचे, समोर प्रत्यक्ष कोण बसणार आणि ती व्यक्ती बदलली तर शिल्लक रकमेचे काय, हे सारे लेखी घ्यावे. ऐनवेळी सत्र रद्द केल्यास शुल्क आकारण्याची पद्धत चांगल्या ठिकाणीही असते, त्यात गैर काही नाही. पण किती तास आधी कळवायचे हे आधीच ठरलेले असावे.

पैशांपेक्षा जास्त नुकसान गोपनीयतेच्या बाबतीत झाले. पॅकेज संपत आले तेव्हा केंद्रातून एका बाईंचा मला फोन आला. मुलाने सत्रात त्याच्या एका मैत्रिणीविषयी आणि माझ्याविषयीही जे सांगितले होते, ते त्या बाईंनी मला जवळजवळ शब्दशः ऐकवले आणि “काका, प्रकरण गंभीर आहे, मध्येच थांबवू नका, ॲडव्हान्स पॅकेज घ्या,” असे सुचवले. मी मुलाला विचारले तेव्हा त्याचा चेहरा पडला. “बाबा, हे मी फक्त तिथे बोललो होतो,” एवढेच तो म्हणाला, आणि त्यानंतर बरेच महिने कोणत्याही समुपदेशकाकडे जायला तयार झाला नाही. मानसिक आरोग्य सेवा कायदा, 2017 मधील कलम 23 रुग्णाला गोपनीयतेचा हक्क देते, आणि मुलगा सज्ञान असल्यावर फी वडील भरतात म्हणून तो हक्क वडिलांकडे जात नाही. अपवाद आहेत : रुग्णाच्या किंवा दुसऱ्या कोणाच्या जिवाला धोका असेल, न्यायालयाचा आदेश असेल, किंवा अज्ञान बालकावरील लैंगिक अत्याचाराची माहिती समोर आली असेल, तर ती संबंधितांना कळवावी लागते. कोणत्या परिस्थितीत, कोणाला आणि किती सांगाल, हे पहिल्या भेटीतच विचारावे. ऑनलाइन सत्र असेल तर त्याचे ध्वनिमुद्रण होते का, हेही विचारावे.

आणखी एक गोष्ट घडली. गोळ्यांची सवय लागते, त्या बंद कर, असे सरांनी मुलाला परस्पर सांगितले. त्याने त्या एकदम बंद केल्या आणि चक्कर, चिडचिड, रात्ररात्र जागरण असा त्रास सुरू झाला. अशा गोळ्या टप्प्याटप्प्याने आणि ज्या डॉक्टरांनी लिहून दिल्या त्यांच्याच सल्ल्याने कमी करायच्या असतात. गरज पडल्यास तुम्ही आमच्या डॉक्टरांशी बोलाल का, या प्रश्नाला ‘नाही’ असे उत्तर आले, तर तेथूनच परत फिरावे.

मुलगा आता वाशीतील एका नोंदणीकृत मानसशास्त्रज्ञ बाईंकडे जातो. त्यांनी पहिल्या भेटीतच शुल्क, वेळ, गोपनीयता आणि तिच्या मर्यादा लिहिलेला कागद मुलाच्या हाती दिला, पैसे त्या दिवसापुरतेच घेतले, आणि आपले जमले नाही तर दुसरी दोन नावे देईन, असेही सांगितले. ज्यांना खासगी खर्च झेपत नाही त्यांच्यासाठी ठाण्याचे 1901 सालचे प्रादेशिक मनोरुग्णालय आहे. नावाने बिचकू नये, तेथे बाह्यरुग्ण विभागही चालतो. शासनाच्या टेलिमानस या मानसिक आरोग्यविषयक दूरध्वनी सेवेचा 14416 हा क्रमांक चोवीस तास चालू असतो, त्यावर मराठीतून बोलता येते आणि पैसे पडत नाहीत.

ज्यांचे पैसे अडकले आहेत त्यांनी पावती, जाहिरात आणि व्हॉट्सॲपवरील संवाद जपून ठेवावेत. ग्राहक संरक्षण कायदा, 2019 मध्ये ग्राहकाने विश्वासाने दिलेली वैयक्तिक माहिती उघड करणे हीसुद्धा अनुचित व्यापारी प्रथा मानली आहे, त्यामुळे तक्रार केवळ पैशांपुरती राहत नाही. ती दोन वर्षांच्या आत, आपण राहतो त्या जिल्ह्याच्या आयोगाकडे करता येते, सेवेसाठी मोजलेली रक्कम पाच लाखांपर्यंत असेल तर शुल्क लागत नाही, आणि सुरुवातीच्या मार्गदर्शनासाठी राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा 1915 हा क्रमांक आहे. आमची नोटीस गेल्यावर केंद्राने निम्मी रक्कम परत करण्याची तयारी दाखवली आहे. त्यासाठी आमची कसलीही तक्रार नाही आणि याविषयी कोठेही बोलणार नाही, अशा मजकुरावर मुलाची व माझी सही मागितली आहे. ती आम्ही केलेली नाही.